पाहुण्यांसमोरची गळती

१

पडद्यावर काळा धूर दिसला, तेव्हा पाहुण्यांना वाटलं की हा प्रयोगाचाच भाग असावा. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. केंद्रप्रमुख डेल्फिना गुरुलेच्या हातातला, न दिसणारा गॅस धुरासारखा दाखवणारा कॅमेरा हलला नाही, पण तिचा चेहरा उतरला.

"हे इथं असायला नको," ती म्हणाली.

सेनिसा हे पठारावरचं कंप्रेसर केंद्र. खालच्या कोळशाच्या थरांतून निघणारा नैसर्गिक गॅस इथं दाबला जातो आणि पाइपलाइननं पिन्योन गावाकडे व त्याच्याही पुढे जातो. जुन्या पद्धतीत इथल्या झडपा गॅसच्याच दाबावर चालायच्या आणि प्रत्येक हालचालीला थोडा गॅस हवेत सोडायच्या. तो सोडू नका, असं तेव्हा कुठल्या कायद्यानं सांगितलेलं नव्हतं. काही कंपन्यांनी आपण होऊन ठरवलं होतं की मिथेन हवेत घालवायचा नाही. ज्याला जे जमलं ते त्यानं इतरांना दाखवायचं आणि त्यात गुपित ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. म्हणून आज टेक्सास, वायोमिंग, अल्बर्टा अशा ठिकाणांहून लोक सेनिसा बघायला आले होते. झडपा साध्या हवेच्या दाबावर चालवणारं, कुठेही गळती नसलेलं केंद्र म्हणून त्याचं नाव झालं होतं.

थोड्याच वेळापूर्वी अल्बर्टाच्या एका पाहुण्यानं कंप्रेसरजवळ जाऊन नाक वर करून हुंगून पाहिलं होतं. डेल्फिना हसून म्हणाली होती, "नाकाला सुट्टी द्या, साहेब. त्याचा इथं उपयोग असता तर एवढा महागडा कॅमेरा कशाला घेतला असता?" सगळे हसले होते.

आता कोणी हसत नव्हतं. दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या बारीक नळीपाशी, नटाच्या कडेतून धूर निघत होता. नुसत्या डोळ्यांना तिथं स्वच्छ सकाळ दिसत होती.

डेल्फिना नटापाशी गेली. पहाटेच्या दवानं तो ओला होता. तिनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट नाकापाशी नेलं आणि लगेच पँटला पुसलं. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक माझी आहे. आमच्याकडून नट नीट आवळला गेला नसेल."

कुंपणाशी उभ्या असलेल्या व्हर्ना एट्सिटीनं पुढे होऊन नळीची झडप बंद केली. पडद्यावरचा धूर विरळ होत गेला. व्हर्ना कंपनीत अपघातांची कारणं शोधण्याचं काम करायची. डेल्फिनाच्या खांद्यावर हात ठेवावा, असं त्या क्षणी तिला वाटायला हवं होतं. पण तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं, तसं अगदी पोटापर्यंत बरं वाटलं.

२

"नट ढिला कसा झाला?" उपाध्यक्ष टॅकेटनं विचारलं. पाहुण्यांच्या गाड्या परतल्या होत्या.

"अजून पाहिलेला नाही," व्हर्ना म्हणाली.

"पाहा. सोमवारी सकाळी मला उत्तर हवंय. निष्काळजीपणा असेल तर हे सगळं बंद. बाई, मी आधीपासून सांगतोय, कोणी मागितलेलं नसताना ही उठाठेव कशाला? घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि वर जगासमोर हसं!"

"आणि डेल्फिना?"

"ती परत मीटर वाचायला जाईल." टॅकेटनं टोपी काढून डोकं खाजवलं. "गळतीवर नजर ठेवायला माणूस तर लागेलच. छोटा विभाग, कॅमेरे नाहीत, पाहुणे नाहीत. मुळात झडपांची कल्पना तुझीच होती ना?"

व्हर्ना नटाकडे वळली. कल्पना तिचीच होती. जुनी झडप काढून हवेवर चालणारी बसवा, हे ती एका बैठकीत बोलली तेव्हा लोक कॉफी आणायला उठले होते. पुढे डेल्फिना तिच्या हाताखाली शिकायला आली. कुठला पाना कसा धरायचा, नळीला कान लावून काय ऐकायचं, हे सगळं व्हर्नानं तिला शिकवलं. डेल्फिना तिला माएस्त्रा म्हणायची, म्हणजे मास्तरीणबाई. नंतर, तीन वर्षांपूर्वी, तेच म्हणणं डेल्फिनानं दुसऱ्या एका बैठकीत मांडलं आणि त्या वेळी कोणी कॉफीला उठलं नाही. तिला जागा मिळाली, कॅमेरा मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. आता ह्यूस्टनहून बोलावणं होतं: एक वर्ष तिथं राहून इतर कंपन्यांना हेच शिकवायचं.

फोटोखालच्या मजकुरात डेल्फिनानं व्हर्नाचं नाव घेतलं होतं. व्हर्नाला सगळ्यात जास्त ते खुपलं होतं. चोरी केली असती तर निदान मनापासून रागावता आलं असतं.

"कोणी मुद्दाम केलं असेल तर?" तिनं विचारलं.

"तर नाव सांग," टॅकेट म्हणाला. "नावाशिवायची गोष्ट मी ऐकणार नाही."

३

व्हर्नानं दुपारभर भिंग घेऊन त्या एका नटाशी मुक्काम ठोकला.

नट पाव फेऱ्यानं ढिला होता. कंप्रेसरच्या थरथरीनं नट सैल होतात, पण हा तसा झाला नव्हता. त्याच्या कडांवर आणि मागच्या जोडावरही पान्याची ताजी चमक होती. म्हणजे एका पान्यानं जोड धरून दुसऱ्यानं नट फिरवला होता, नळी पिळवटू नये म्हणून. हे शिकलेल्या हाताचं काम होतं. टॅकेट त्याच सकाळी पाहुण्यांच्या आधी येऊन गेला होता आणि हे सगळं बंद पडलेलं त्याला हवंच होतं. पण त्याच्या हाती दोन पाने दिले असते तर त्यानं एक परत केला असता.

दुसरी गोष्ट होती नटाभोवतीचं पांढरं कडं. साबणाचं पाणी वाळलं की धरतं तसं. गळती आहे का हे बघायला जोडावर साबणाचं पाणी लावतात, फुगे आले की गळती. पण डेल्फिनाच्या लोकांनी कॅमेरा आल्यापासून साबण सोडला होता. बाटल्या तिनं स्वतः फेकायला लावल्या होत्या.

साबण अजून वापरत होता तो शेजारच्या केंद्राचा मुकादम लाइल स्टॅगनर. त्याला कॅमेरा मिळाला नव्हता. आणि त्या गुरुवारी पाहुणे यायच्या आधी, उजाडायच्या सुमारास त्याचा ट्रक सेनिसाच्या कुंपणाबाहेर उभा होता.

व्हर्नाची चौकशीची पद्धत साधी होती. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. तिच्या डिने या तिथल्या मूळनिवासी लोकांत बोलण्यामधल्या शांततेचं कोणाला ओझं होत नाही. लाइलसारख्या टेक्सासच्या माणसाला मात्र ती शांतता खाजेसारखी छळते.

"पहाटे कशाला आला होतास?"

लाइलनं तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात नेली. व्हर्ना वाट बघत राहिली.

"फिरायला," तो म्हणाला.

व्हर्ना गप्प.

"अगं, फिरायला नाही तर काय! बरं, बघायला आलो होतो. झाला आनंद?"

"काय बघायला?"

"तिची ती हवेची टाकी. ती हिवाळ्यात आत साचणारं पाणी गोठू देत नाही म्हणे. माझ्याकडे गोठतं. नळ्या कुठून नेल्यात ते बघत होतो."

"विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं. पाहुण्यांना बोलावलं होतं ते सांगायलाच."

"विचारतो!" लाइल उसळला. "तिच्या वयाची माझी पोरगी आहे. तिच्यापुढे हात बांधून उभा राहू? गेल्या वर्षी केंद्रांच्या स्पर्धेत ढाल तिला, कॅमेरा तिला, केक कापला तोही तिनं. मी दुसरा आलो, मला काय मिळालं माहितीये? एक मग. त्यावर माझं नाव चुकलंय."

फुकट वाटायला ठेवलेली गोष्ट हा माणूस कुंपणावरून चोरून बघायला आला होता. व्हर्नाला हसू आलं, आणि लगेच थांबलंही. बुधवारी संध्याकाळी ती स्वतः तिथं गेली होती. दुसऱ्या दिवसासाठी मांडलेली टेबलं, रंगवलेल्या झडपा आणि डेल्फिनाच्या नावाची पाटी बघत ती त्या घड्याळापासून हातभर अंतरावर बराच वेळ उभी होती. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"तुझं साबणाचं पाणी दाखव," ती म्हणाली.

लाइलनं ट्रकमधून बाटली काढली. विकतचं, गोठू नये म्हणून औषध घातलेलं, गर्द गुलाबी पाणी. त्याच्या बोटांच्या पेरांवर, विजारीवर, ट्रकच्या दारावर सगळीकडे त्याचे न जाणारे गुलाबी डाग होते.

नटाभोवतीचं कडं पांढरं होतं.

"एक सांगू?" ती निघताना लाइल म्हणाला. "गावात बोलतात की हे तूच केलंस."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी तुझ्या जागी असतो तर तीन वर्षं थांबलो नसतो."

४

डेल्फिना आपल्या खोलीत सामान खोक्यात भरत होती.

"अजून कोणी तुला काढलेलं नाही," व्हर्ना म्हणाली.

"काढतील. मी सांगितलं ना माएस्त्रा, चूक माझी आहे."

"तू बुधवारी दुपारी सगळे जोड कॅमेऱ्यानं पाहिलेस. हाही पाहिलास. तेव्हा गळती नव्हती."

"माझ्या नजरेतून सुटली असेल."

"तुझ्या नजरेतून? तुला मी शिकवलंय."

डेल्फिनानं खोक्यावर चिकटपट्टी ओढली. तिचा आवाज नको इतका शांत होता. "लिहून टाक, निष्काळजीपणा. मला राग येणार नाही. आणि तुला..." ती थांबली.

"मला काय?"

"काही नाही. टॅकेटसाहेब तुला जागा देतायत, ऐकलं मी. तू चांगलं करशील. माझ्यापेक्षाही चांगलं."

भांडली असती तर परवडलं असतं, असं व्हर्नाला वाटलं. ही बाई हरतानासुद्धा वरचढच. आणि तिला हरायची एवढी घाई का?

डेल्फिनाचा नवरा यूसेबिओ, सगळ्यांचा चेबो, गावाच्या गॅस कंपनीत फिटर होता. केंद्राशी त्याचा संबंध नव्हता, पण बुधवारी संध्याकाळी पाहुण्यांसाठी घडीची टेबलं आणि गुरुवारी सकाळी न्याहारीला हिरव्या मिरचीचे बरितो त्यानंच आणून दिले होते. व्हर्नानं त्याला एका घराच्या मागच्या अंगणात गाठलं. तो मीटर बदलत होता. कमरेला हत्यारांचा पट्टा, डोळ्याखाली काळी वर्तुळं.

"व्हर्नाबाई! बसा. बसायला काही नाही, पण बसा."

"टेबलं आणलीस तेव्हा काही वेगळं दिसलं?"

चेबोनं मीटरवरून नजर काढली नाही. व्हर्ना गप्प राहिली.

"दिसलं नाही. पण वास आला," तो म्हणाला. "फाटकापाशीच. टेबलं उतरवायच्या आधी. म्हटलं आमच्या फिनाला सांगावं. पण तिची धावपळ चाललेली. आणि तिच्या कामात मी बोललो की तिला... तुम्हाला माहितीये. ती आता मोठी बाई झालीय."

"म्हणजे गळती तू जायच्या आधीच होती."

"असणारच ना. वास आला म्हणजे होतीच." त्यानं हात पुसले. "बाई, मी वीसेक वर्षं या गावातल्या गळत्या काढतोय. माझं नाक चुकत नाही. किती घरं उडता उडता वाचली असतील. कोणी कधी टाळी वाजवली? बाजारात लोक विचारतात, 'तू त्या डेल्फिनाचा नवरा ना?' पूर्वी तिला विचारायचे, 'तू चेबोची बायको ना?'"

तो हसला. व्हर्नाही हसली. तिला हा माणूस आवडला. त्याचं दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या हातात आता कोणीच उरलेलं नाही. लाइलचा साबण वेगळा, टॅकेटला पाना धरता येत नाही आणि चेबोनं तर गळती आपल्याआधीची म्हणून सांगितली. उरली ती स्वतः एकटीच. आणि निष्काळजीपणा, जो डेल्फिना ताटात वाढून देत होती.

५

शनिवारी संध्याकाळी व्हर्नानं मटणाचा रस्सा शेगडीवर ठेवला. ती एकटीच राहायची, स्वयंपाक मात्र चौघांचा करायची. सोमवारी काय बोलायचं ते ठरत आलं होतं. 'नट ढिला होता. मुद्दाम केल्याचं सिद्ध होत नाही.' दोन्ही वाक्यं खरी होती. पुढचं टॅकेटनं आपलं आपण करायचं. तिला खोटं बोलावं लागणार नव्हतं, फक्त थांबावं लागणार होतं, आणि थांबणं तिला चांगलं जमायचं.

गॅस सोडला आणि काडी ओढली. काडी मोडली. दुसरी काढेपर्यंत तो नेहमीचा, सडक्या अंड्यासारखा वास नाकात शिरला. चिडून तिनं बटण फिरवून गॅस बंद केला.

बटणावरचा हात तिथंच राहिला.

रस्सा तसाच कच्चा राहिला. ती खुर्चीवर बसली आणि गुरुवारची सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणली: हुंगणारा अल्बर्टाचा पाहुणा, सगळ्यांचं हसणं, डेल्फिनाचं नटावर फिरलेलं बोट. ते बोट तिनं नाकाला लावलं होतं.

का लावलं होतं?

उत्तर आलं तेव्हा व्हर्नाला शोध लागल्याचा आनंद झाला नाही. आलं ते हेव्याचं जुनंच दुखणं, आणि या खेपेला त्याला दुसराच सूर होता.

६

रविवारी दुपारी गुरुलेंच्या स्वयंपाकघरात मक्याच्या दाण्यांची आमटी, पोसोले, उकळत होती. चेबोनं तिसरं ताट मांडलं. व्हर्नानं चमचा हातात घेतला नाही.

"चेबो, तू मला सांगितलंस की फाटकापाशी वास आला."

"आला होता."

"नाही आला. जमिनीतून निघणाऱ्या आमच्या गॅसला वास नसतो. पाइपलाइन गावाच्या हद्दीत शिरते तिथं त्यात मुद्दाम वास मिसळतात, लोकांना गळती कळावी म्हणून. तू आयुष्यभर हद्दीच्या आतच काम केलंस. तुझ्यासाठी गळती म्हणजे वास. लाइल खोटं बोलला असता तर दुसरं काही बोलला असता. पठारावरचा कुठलाही माणूस हे बोलला नसता."

चेबो हसायला गेला. "बाई, कधी कधी थोडाफार—"

"बुधवारी तू टेबलं ठेवून गेल्यावर मी तिथं होते. त्या घड्याळापाशी." व्हर्नानं ताट बाजूला सारलं. "कामाला नव्हते गेले. डेल्फिनाचं सगळं बघून जळायला गेले होते. बराच वेळ उभी राहून जळले. तुझ्या सांगण्याप्रमाणे गळती तेव्हा होतीच आणि मला कणभरही वास आला नाही. गुरुवारी गळती पडद्यावर दिसत होती आणि अख्ख्या पाहुण्यांत कोणाला आला नाही. तुला एकट्याला आला."

डेल्फिना शेगडीकडे तोंड करून उभी होती. ढवळणं थांबलं होतं.

"ज्यानं नट फिरवला त्यानं दोन पाने वापरले," व्हर्ना म्हणाली. "नळीला इजा होऊ नये म्हणून. मग त्यावर साबणाचं पाणी लावलं. गळती करणाऱ्याला साबण कशाला? पण तुम्हा फिटर लोकांचा नियम आहे, जोडाला हात लावला की साबणाशिवाय सोडायचा नाही. हात आपोआप बाटलीकडे गेला. फुगे किती येतात ते बघून त्यानं नट परत थोडा आवळला असणार. कॅमेऱ्यात दिसेल एवढी गळती, पण कोणाला धोका होणार नाही एवढीच. त्याला डेल्फिनाचं हसं करायचं होतं. तिला ओरखडाही उठू द्यायचा नव्हता. म्हणून मला इतका वेळ लागला. मी वैरी शोधत होते."

व्हर्नानं ओठांनी मोरीकडे खूण केली. तिच्या लोकांत बोट दाखवणं वाईट. मोरीच्या काठावर भांडी घासायच्या साबणाची बाटली होती, लिंबाचं चित्र असलेली.

"फिटर लोक साबणाचं पाणी घरचंच बनवतात. दवानं ओला झालेला तो साबण डेल्फिनाच्या बोटाला लागला. गॅसला वास नसतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तरी तिनं बोट हुंगलं. कारण ती गॅस हुंगत नव्हती."

चेबोनं हळूच मान वळवली. "फिना?"

"गुरुवारीच कळलं मला," डेल्फिना पाठमोरीच म्हणाली. "सगळ्यांसमोर. माझ्या मोरीचा वास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." ती वळली. डोळे कोरडे होते. "गुरुवारी रात्री थांबले. काल थांबले. तू मला कॉफी करून दिलीस, पाय चेपून दिलेस. 'जाऊ दे गं, घरी राहशील, बरंच झालं,' म्हणालास. मी तरी थांबले."

"तू जाणार होतीस ना!" चेबोचा आवाज फाटला. "ह्यूस्टनला! त्या लोकांत, हॉटेलांत. एक वर्ष म्हणतात, मग दोन. मला वाटलं, एकदा फजिती झाली तर बोलावणं रद्द होईल. एवढंच. ते सगळंच बंद करतील असं मला काय माहीत? देवाशपथ फिना, मला वाटलं तू चार दिवस रडशील आणि मी असेन."

पोसोले उतू गेली. कोणी आच कमी केली नाही.

व्हर्ना या दोघांकडे बघत होती. या माणसानं बायकोला पकडून ठेवायला गुन्हा केला होता आणि या बाईनं त्याला वाचवायला आपलं नाव मातीत घातलं होतं. असलं काही आपल्यासाठी कोणी कधी केलं नाही, करणारही नाही. तीन वर्षं ती डेल्फिनाच्या खुर्चीवर जळत होती. आज पहिल्यांदा कळलं की खुर्ची ही त्यातली लहान गोष्ट होती.

"उद्या मी नाव घेणार," ती उठत चेबोला म्हणाली. "लोकांनी माझ्या तोंडून ऐकायचं की तुझ्या, ते तू ठरव."

"माएस्त्रा, त्याची नोकरी जाईल," डेल्फिना म्हणाली.

"नाहीतर तुझी जाईल. आणि तुझी गेली तर ती मला मिळेल." व्हर्नानं जाकीट चढवलं. "मला ती अशी नकोय. तुझ्या नवऱ्याचा उष्टा नट आवळायला मी आयुष्य घालवलेलं नाही."

७

सोमवारी सेनिसावरच, टॅकेटच्या खोलीत लाइल होता, डेल्फिना होती, केंद्रावरचे लोक दाटीनं उभे होते.

"निष्काळजीपणा ना?" टॅकेटनं विचारलं.

"नाही. नट हातानं ढिला केलेला आहे."

"कोणी?"

व्हर्ना काहीच बोलली नाही.

"बाई, मी नाव मागितलं होतं."

लाइल खोकला. कोणीतरी खुर्ची सरकवली. लोक एकमेकांकडे आणि मग व्हर्नाकडे बघू लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "हिनंच केलंय म्हणून दातखीळ बसलीय." ती दाराकडे बघत राहिली. मनात तिनं नाव तयार ठेवलं होतं. अजून एक श्वास, मग ते उच्चारायचं.

दार उघडलं. चेबो गावाच्या गॅस कंपनीचा गणवेश घालून आला होता. हत्यारांचा पट्टा त्यानं काढून हातात धरला होता.

"मी केलं," तो म्हणाला. "तिच्या कामात खोट नव्हती. असती तर मला नट ढिला करावाच लागला नसता."

टॅकेटनं त्याच्याकडे पाहिलं, मग डेल्फिनाकडे. केंद्र बंद करायचं कारण त्याच्या हातातून निसटत होतं आणि ते त्याला दिसत होतं. "तुमच्या साहेबांना कळवावं लागेल," तो अखेर म्हणाला.

"मी त्यांच्याकडूनच आलोय. पट्टा जमा करायचाय. त्याआधी इथं आलो."

"आणि पाहुण्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते," डेल्फिना म्हणाली. "सगळ्यांना. साबणासकट. आपल्याकडे गुपित ठेवत नाहीत."

लाइलनं घसा साफ केला. "ते पाणी न गोठणाऱ्या टाकीचंही तेव्हाच सांग," तो म्हणाला. "मी पुढच्या रांगेत बसेन."

लोक बाहेर पडल्यावर डेल्फिनानं व्हर्नाला अंगणात गाठलं. तिनं आभार मानले नाहीत. व्हर्नाला ते बरं वाटलं.

"मी ह्यूस्टनला जातेय," डेल्फिना म्हणाली. "वर्षभर सेनिसा तू सांभाळ. टॅकेटसाहेबांना मी सांगितलंय, ही नाही तर मीही नाही."

म्हणजे हवं होतं ते मिळालं होतं. तेही डेल्फिनाच्याच हातून. व्हर्नानं मान हलवली. डेल्फिनानं सेनिसाच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

कुंपणापाशी चेबो पट्टा तिथंच अडकवून मोकळ्या हातांनी उभा होता. आता काय करायचं ते न कळणाऱ्या माणसासारखा. डेल्फिनानं कॅमेरा आणला, त्याच्याकडे न बघता त्याच्या हातात दिला आणि त्या घड्याळापाशी गेली. दोन पाने घेऊन नट तिनं जरासा सैल केला.

"बघ."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आधी चुकीच्या बाजूनं धरला होता. तिनं येऊन सरळ करून दिला. मग तो खूप वेळ हलला नाही. इतकी वर्षं नाकानं शोधलेली गोष्ट त्याला पहिल्यांदा दिसत होती. वास मात्र काहीच नव्हता.

"केवढी आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, थोडीच सोडली होती."

डेल्फिनानं नट आवळला. मग हात पुढे केला. चेबोनं सवयीनं खिशातून साबणाची बाटली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं नटावर दोन थेंब टाकले आणि दोघं खाली वाकून, डोकी जवळ आणून, फुगा येतोय का ते बघू लागले.

व्हर्ना गाडीत बसली. सेनिसाच्या किल्ल्या खिशात टोचत होत्या. त्या दोघांनी मान वर करण्याआधी तिनं गाडी सुरू केली.